उजव्या डोळ्याची मोजणी

चौतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री, कुठल्याही तालुक्यात जा, माझ्या सहीचा नकाशा निघेल आणि त्या नकाशावर चरफडणारा एखादा शेतकरीही निघेल. दोन्हींचा मला सारखाच अभिमान आहे. सांगायचा मुद्दा असा की नजर म्हणजे काय असते हे मला कुणी शिकवू नये. अडीच वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तेव्हाही टेबलावर पडल्या पडल्या मी डॉक्टरांना सूचना केली होती की भिंग बरोबर मध्यावर बसवा, इकडेतिकडे सरकू देऊ नका. ती त्यांनी पाळली असावी. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि समोरच्या भिंतीवरच्या पालीची बोटं मला मोजता आली.

त्यानंतर मी जे केलं ते कुठल्याही कृतज्ञ माणसानं केलं असतं. सिडकोतल्या आमच्या कॉलनीत साठीच्या पुढं गेलेल्यांना गाठून गाठून मी मोतीबिंदू काढायला लावला. सकाळच्या फिरण्यात, गिरणीतल्या रांगेत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. माणूस वर्तमानपत्र जरा लांब धरताना दिसला की मी त्याच्या शेजारी जाऊन बसायचो. वर्षभरात अकरा जण झाले. अकरावे म्हणजे आमचे शेजारी तात्यासाहेब, भूगोलाचे निवृत्त शिक्षक आणि सगळ्यांत चिवट. पृथ्वीच्या पोटात काय आहे हे वर्गात तीस वर्षं ठामपणे सांगणारा हा माणूस स्वतःच्या डोळ्यात काय आहे ते बघायला तयार नव्हता. त्यांच्यावर मला तीन महिने घालावे लागले. प्रत्येकाला मी शेवटी एकच वाक्य सांगायचो, की एकदा काढला म्हणजे जन्माचं काम झालं.

त्या वाक्यानंच माझा घात केला.

यंदा पावसाळा संपता संपता आमच्या बैठकीतली ट्यूबलाइट मंद झाली. मी ती बदलली. नवी आणली तीही मंद निघाली. मग वर्तमानपत्राची छपाई बिघडली. त्याबद्दल मी संपादकांना सविस्तर पत्र लिहिलं, शाई वाचवू नका म्हणून. मग खिडक्यांच्या काचा धुरकटल्या. दीपमालानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, त्या दोनदा पुसल्या आणि तिसऱ्यांदा फडकं माझ्या हातात दिलं. संध्याकाळी जालना रोडवर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती ताटाएवढी वलयं दिसायला लागली. हल्ली गाड्यांना किती भडक दिवे बसवतात या विषयावर मी ज्येष्ठ नागरिक संघात वीस मिनिटं बोललो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यात काही झालं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. उजव्या डोळ्याचं काम झालेलं होतं. डावा आधीपासून जरा कामचुकार आहे, पण त्याच्याकडून मी कधी अपेक्षाही ठेवली नव्हती.

याच सुमारास तात्यासाहेब गर्विष्ठ झाले. रोज सकाळी सात वाजता ते ओट्यावर पांढरी शाल पांघरून बसलेले असायचे. फिरायला चला म्हणून मी आमच्या फाटकातून हात वर करून नमस्कार करायचो. ते हलायचेसुद्धा नाहीत. असे आठ दिवस गेल्यावर मी नमस्कार बंद केला, आणि पुढं कधीतरी ते किराणा दुकानात दिसले तेव्हा ठरवून मान फिरवली. हे सगळं मी दीपमालाला रीतसर सांगितलं. ती फाटकाशी गेली, शेजारच्या ओट्याकडं बघितलं आणि परत येऊन म्हणाली की त्या आठ दिवसांत तात्यासाहेब मुलीकडं नांदेडला गेलेले होते. ओट्यावर त्यांचा कूलर आहे. उन्हाळा संपल्यावर चादर गुंडाळून ठेवलेला.

आता हे तात्यासाहेबांना कसं सांगणार? मी तुमच्या कूलरवर रागावलो होतो, असं स्वच्छ कपड्यांतला कुठला माणूस दुसऱ्याला सांगू शकतो? तोवर त्यांनीही माझ्याशी बोलणं थांबवलं होतं. म्हणून मी तो अबोला तसाच राहू दिला.

एवढ्यात बिडकीनहून अक्काचा फोन आला. मनकर्णाबाई, माझी थोरली बहीण, वय शहात्तर, विधवा, तीन एकरांची मालकीण आणि आवाज फोनची गरज नसणारा. तिच्या शेजारच्या शेताचा मालक सांडू पाटील दरवर्षी नांगर घालून बांध कोरतो अशी तिची पंधरा वर्षांची तक्रार आहे. पूर्वी ही तक्रार आम्ही चहाबरोबर ऐकायचो. पण बिडकीनला कारखाने यायला लागल्यापासून तिथल्या फूटभर मातीलाही लोक दागिन्यासारखं जपतात. अक्कानं सरकारी मोजणीचा अर्ज केला होता आणि चोवीस नोव्हेंबर, सोमवारची तारीख आली होती.

"तू ये," अक्का म्हणाली. "तुला काय बी करायचं नाय. तू नुसता बांधावर हुबा ऱ्हा. तुझं नाव लई हाय खात्यात."

मी म्हणालो येतो, आणि फोन ठेवायला गेलो तो टेबलाऐवजी भाजीच्या वाटीत ठेवला. दीपमालानं तो पुसून घेतला आणि त्याच फोनवरून डोळ्याच्या दवाखान्याची वेळ ठरवली.

दवाखान्यात जाण्याआधी मी थोडी चौकशी केली. स्वतःच्या नावानं करणं शक्यच नव्हतं. अकरा माणसं माझ्या शब्दावर टेबलावर झोपली होती. त्यांना कळलं असतं तर कॉलनीत राहणं अवघड झालं असतं. म्हणून मी परभणीला एक साडू निर्माण केला आणि त्याचा डोळा धुरकट झाल्याचं सांगत फिरलो. साडूबद्दल सगळ्यांना फार कळवळा आला. चौथ्या गल्लीतल्या सर्जेरावांनी निदान केलं की साडूला डुप्लिकेट भिंग बसवलंय, त्यानं आधी भिंगाचं कार्ड मागावं आणि मग बाकीचं बोलावं. दुसऱ्या एकानं सांगितलं की मोतीबिंदू मुळापासून नाही काढला तर गवतासारखा परत उगवतो. लेझरचं नाव निघताच तिसरा म्हणाला की लेझरनं लोखंड कापतात, साडूला म्हणावं विचार कर. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या सारजाबाईंनी तर साडूसाठी बारक्या मधमाश्यांचा मध आणून दिला, डोळ्यात एक एक थेंब घालायला. तो मध दीपमालानं माझ्यासमोर पोळीला लावून खाल्ला आणि बाटली धुऊन परत केली.

ठरलेल्या दिवशी डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घालून डॉक्टर विशाखा यांनी मला तपासलं. वय पस्तिशीच्या आत. मी त्यांना आधी माझी सेवा किती झाली ते सांगितलं, म्हणजे बोलणं योग्य पातळीवर राहील. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि हनुवटी यंत्रावर ठेवायला सांगितली.

मोतीबिंदू परत येत नाही, असं त्यांनी समजावलं. नवं भिंग डोळ्यातल्याच एका पातळ पिशवीत बसवतात. काही लोकांच्या बाबतीत पुढं त्या पिशवीच्या मागच्या पडद्यावर दुधावर येते तशी साय धरते. भिंग चांगलं आहे, जागेवर आहे, फक्त त्याच्या मागं पडदा गढूळ झालाय. लेझरनं त्या पडद्यात मधोमध छोटी खिडकी पाडायची. पाच मिनिटांचं काम, ना सुई ना टाका.

मी विचारलं की यात चूक कुणाची. त्या म्हणाल्या, कुणाचीच नाही. चौतीस वर्षांत असं उत्तर मी एकाही शेतकऱ्याला दिलेलं नव्हतं. मला ते अपुरं वाटलं. दीपमाला म्हणाली, मग आजच पाडून टाका खिडकी. डॉक्टर हो म्हणाल्या आणि आम्हाला कागदपत्रांसाठी खाली पाठवलं.

खाली रूपाली नावाची मुलगी संगणकावर बसली होती. तिनं माझं नाव शोधलं, जरा वेळ पडद्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. "काका, तुमचा ऑपरेशन झालेला डोळा डावा आहे."

मी म्हणालो उजवा आहे. ती म्हणाली रेकॉर्डला डावा आहे. मी उजव्या डोळ्यावर बोट ठेवून दाखवलं. तिनं पडदा माझ्याकडं वळवला आणि डाव्यावर बोट ठेवलं. मी म्हणालो की डोळा माझा आहे, अडीच वर्षं मी तो वापरतोय. ती अतिशय नम्रपणे म्हणाली की तुमचं बरोबर असेल काका, पण आम्हाला रेकॉर्डप्रमाणे जावं लागतं.

हे वाक्य माझं होतं. याच शब्दांत, याच नम्रपणे मी ते गावोगावच्या बांधांवर उभं राहून म्हटलेलं होतं. समोरचा माणूस आपल्या आजोबांनी लावलेल्या चिंचेकडं हात करून ओरडत असायचा, आणि मी नकाशाची घडी घालत म्हणायचो की चिंच तिथं असेल हो, पण रेकॉर्डला नाही. त्या माणसांना तेव्हा काय वाटत असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी खुर्चीवर बसून पाच मिनिटं केला. मग पुन्हा भांडायला उठलो.

डॉक्टर विशाखा स्वतः खाली आल्या आणि भिंग उजव्याच डोळ्यात असल्याचं त्यांनी सांगितलं. पण चुकीच्या नोंदीवर लेझर करायला त्यांची तयारी नव्हती, आणि ते बरोबरच होतं. नोंद दुरुस्तीचा अर्ज आणि सोबत ऑपरेशनच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एवढं द्यायचं होतं. अर्ज मी तिथल्या तिथं लिहिला. शासकीय मसुदा माझ्या हातात बसलेला आहे. फक्त बाहुल्या मोठ्या झालेल्या असल्यामुळं कागद कुठं संपतो ते दिसत नव्हतं, आणि शेवटच्या दोन ओळी टेबलावर गेल्या. रूपालीनं त्या टेबलावरून वाचून कागदावर उतरवून घेतल्या.

डिस्चार्ज कार्ड मी इतकं जपून ठेवलेलं होतं की ते सापडायला तीन दिवस लागले. माझ्या सगळ्या फायलींना क्रमांक आहेत. डोळ्याची फाइल सतरा. सतरा नंबरमध्ये मिक्सरची हमी निघाली. मिक्सरच्या फायलीत विश्वजीतच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, दहावीच्या गुणपत्रिका. घरभर अठ्ठावीस फायली पसरून मी मध्ये बसलो आणि धुरकट डोळ्यानं कागद एकेक करून नाकाशी धरत राहिलो. शेवटी कार्ड आमच्या सुनेला, सायलीला, गॅसच्या पुस्तकात सापडलं. कुणी ठेवलं यावर घरात चर्चा झाली नाही, कारण गॅसचं पुस्तक मी कुणाला हात लावू देत नाही. कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं, उजवा. मी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं.

पण या सगळ्यात आठवडा गेला. दवाखान्यानं पुढची वेळ दिली ती सोमवारी चोवीसला, सकाळी नऊची. बिडकीनची मोजणी त्याच दिवशी बाराला. दीपमाला म्हणाली मोजणीला नंतर बघता येईल. मी तिला समजावलं की मोजणीची तारीख पुढं ढकलायची म्हणजे काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आणि लेझर पुढं ढकलून गेलो तर बांधावर उभा राहून करणार काय? दोन्ही त्याच दिवशी करायचं ठरलं. विश्वजीतची वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून गाडी सायली चालवणार होती. कॉलनीत आम्ही सांगितलं की बजाजनगरला साखरपुड्याला चाललोय.

सोमवारी दवाखान्यात मी पहिली मागणी केली की कुठला डोळा ते माझ्या अंगावर लिहून ठेवा. झालेला प्रकार पाहता ही मागणी रास्त होती. नर्सनं माझ्या उजव्या भुवईच्या वर पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर निळ्या पेनानं खाली वळलेला बाण काढला. मग थेंब घालून मला ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांवर बसवलं. दीपमाला औषधं आणायला गेली. समोरचं सगळं जग पिठात बुडवल्यासारखं झालं होतं. माझ्या शेजारी कुणीतरी गृहस्थ येऊन बसले. चेहऱ्यावर मास्क होता, एवढं कळत होतं.

"कुठल्या डोळ्याचं?" त्यांनी विचारलं.

मी तो आवाज त्याच क्षणी ओळखला. भिंतीला भिंत लावून बावीस वर्षं ऐकत आलो होतो. पण आपण ओळख द्यायची तर आपण इथं का, हे सांगावं लागणार होतं. मी घसा जरा जड केला आणि उजव्या म्हणालो.

"माझा डावा," तात्यासाहेब म्हणाले. "साय आली म्हणतात. आमच्या शेजारी एक मोजणीवाले आहेत. ते म्हणाले होते, एकदा काढला की जन्माचं काम झालं. आता त्यांना कळू नये म्हणून मी घरी सांगून आलोय की बँकेत चाललोय."

मी म्हणालो की त्या माणसाचा हेतू चांगला असेल.

"हेतू चांगलाच हो. बोलणं जरा जास्त आहे. पण हल्ली तेही बंद झालंय. दीड महिना झाला, दुकानात समोर आले आणि मान फिरवून गेले. मी काय चुकलो तेच कळत नाही. सकाळी फिरायला जायचो आम्ही बरोबर. आता मी एकटा जातो, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो."

बारीक आवाजात कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक बाई उठून गेल्या.

"त्यांनी तुमच्या कूलरला नमस्कार केला असेल," मी म्हणालो. "आठ दिवस. चादर गुंडाळलेला कूलर धुरकट डोळ्याला माणसासारखा दिसतो. त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून त्यांना राग आला असेल."

तात्यासाहेबांचे खांदे हलायला लागले, आणि मास्कच्या आतून खोकल्यासारखं हसू आलं. डोळे पुसायला रुमाल काढला, तर डोळे चोळायचे नाहीत म्हणून नर्स त्यांना ओरडली.

"साबळे," ते म्हणाले, "तुम्ही 'उजव्या' म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. म्हटलं, समोरासमोर नाही सांगता येत तर असं सांगून बघावं."

लेझरबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. मी मनाची मोठी तयारी केली होती. हनुवटी टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं, डोळ्यात लाल ठिपका दिसला, आणि टक् टक् असे आवाज आले. शिवणयंत्र हळू चालवल्यासारखे. मी भिंत मोजत असल्यासारखा स्थिर राहिलो. दहाव्या का बाराव्या टकटकीनंतर डॉक्टर विशाखा म्हणाल्या, झालं काका. मी विचारलं, खिडकी किती बाय किती पाडली? त्या म्हणाल्या, पुरेशी. मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी मिलिमीटरमध्ये आकडा सांगितला. मग माझं समाधान झालं. थोडे दिवस डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतील, तासाभरानं डोळ्याचा दाब तपासू, बाहुली लहान व्हायला चारपाच तास लागतील, तोवर गाडी चालवायची नाही आणि उन्हात काळा चष्मा, असं सगळं त्यांनी सांगितलं.

तात्यासाहेबांचंही आटोपलं. साडेअकरा वाजले होते. त्यांना सिडकोत सोडून बिडकीन गाठणं शक्य नव्हतं. ते म्हणाले की मीही येतो, अक्षांश-रेखांश आयुष्यभर शिकवले, जमिनीवर कुणी वापरताना कधी पाहिले नाहीत. असे आम्ही दोघं काळे चष्मे घालून मागच्या सीटवर, पुढं दीपमाला, आणि सायली गाडी चालवत पैठण रोडला लागलो. वाटेत चितेगावच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्यानं आम्हाला पैसे परत देताना नोटा एकेक करून तळहातावर ठेवल्या आणि प्रत्येक नोट कितीची ते मोठ्यानं सांगितलं.

शेतावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. गाडीतून आम्ही दोघं उतरलो तशी गर्दी दुभंगली. नंतर सायलीनं सांगितलं की मधूनच कुणीतरी कुजबुजलं, कंपनीचे साहेब आले. माझ्या कपाळावरची बाणाची पट्टी काढायची राहून गेली होती, हे तिनं पाहिलं होतं, पण मला सांगितलं नाही. तिला वाटलं होतं की डॉक्टरांनी ती ठेवायला सांगितलीय.

मोजणीवाले दोन वाजता आले. आमच्या काळीही दोनलाच यायचे. अभय नावाचा तरुण भूकरमापक होता. काठीवर बसवलेलं उपग्रहाचं यंत्र घेऊन आलेला, हातात साखळी नाही, काही नाही. पण माझं नाव ऐकल्यावर त्यानं वाकून नमस्कार केला. म्हणाला, साहेब, तुमचे नकाशे आम्ही अजून काढून बघतो, रेघ कशी असावी ते कळतं. हे तो तीस जणांसमोर म्हणाला. मी काळ्या चष्म्याआड डोळे मिटून घेतले. त्या क्षणी मला दिसत नसल्याचं काही वाटलं नाही.

अक्कानं मला दंडाला धरून बाजूला नेलं. बांधाच्या पलीकडच्या कडेला, सांडू पाटलाच्या हरभऱ्याला लागून तिनं मला उभं केलं आणि माझा पाय एका दगडाला लावला.

"ह्यो जुना खुणेचा दगड," ती हळूच म्हणाली. "त्या पोरानं इचारलं की तू एवढंच म्हण, व्हय, हाच. तुझा सबूद कोण मोडतंय?"

आणि त्यानं विचारलंच. अभय दगडाजवळ आला, बसून बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगा. हा सर्व्हेचा दगड वाटतो का?"

सांडू पाटील दहा पावलांवर उभा होता. उंच, पांढरा फेटा, एवढंच मला दिसत होतं. त्यानं हरकतीचा एक शब्द काढला नाही. तो म्हणाला, "साबळे साहेब जे म्हणतील ते मला मान्य. खोटं नाय सांगायचे ते."

मी गुडघ्यावर बसलो. खुणेचा दगड मला अंधारातही ओळखता येतो अशी माझी खात्यात ख्याती होती. चष्मा काढला तर ऊन डोळ्यात पांढऱ्या चुन्यासारखं सांडलं. परत घातला. हात फिरवला, दगड खरखरीत लागला, त्यावर बारीक खळगे होते. तो खुणेचा असू शकत होता. नसूही शकत होता. मागं अक्का उभी होती. जन्मापासून मी तिच्या पदराला धरून वाढलेला. माझा हो तिला हवा होता, पाटलाला चालणार होता, आणि त्या पोराला खरा वाटणार होता. म्हणजे अडचण फक्त एकट्या मला होती.

"मला दिसत नाही," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला म्हणून पुन्हा म्हणालो. "सकाळी डोळ्याचं लेझर झालंय. दोन महिन्यांपासून नीट दिसत नव्हतं, आज तर काहीच दिसत नाही. मी या दगडाबद्दल काही सांगू शकत नाही. तुम्ही तुमच्या यंत्रानं बिंदू काढा आणि तिथं खणा."

एवढ्या माणसांत मी असं वाक्य आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. तात्यासाहेब माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांनाही काही दिसत नव्हतं, त्यामुळं ते जरा चुकीच्या बाजूला तोंड करून उभे होते.

अभयनं यंत्र फिरवलं. त्याला दोन तास लागले. तात्यासाहेबांनी त्याला उपग्रह किती, ते सध्या कुठं आहेत, ढग आले तर काय, असं सगळं विचारून घेतलं, आणि त्या पोरानं न कंटाळता सांगितलं. दीपमाला आणि सायली चिंचेखाली शेंगा फोडत बसल्या. मी सावलीत बसून होतो. हळूहळू कडेकडेनं धुकं मागं सरायला लागलं. आधी हातावरच्या शिरा दिसल्या. मग अक्काच्या तुरीचं शेत नुसतं हिरवं न राहता त्यात झाडं झाली, झाडांना फांद्या आल्या, फांद्यांना शेंगा. डोळ्यासमोर दोन-तीन काळे ठिपके डासांसारखे फिरत होते, त्यांना मी हातानं हाकलून बघितलं. साडेचार वाजता मी चष्मा काढला आणि उठून बांधावर गेलो.

असं कधी दिसलं होतं ते मला आठवत नव्हतं. ढेकळाची सावली ढेकळापासून वेगळी दिसत होती. आणि बांध दिसत होता. मोजणी खात्यातल्या कुठल्याही माणसाला यंत्राशिवाय कळलं असतं की तो वाकडा आहे. मधोमध पोटासारखा फुगलेला होता, पण फुगला होता तो पाटलाच्या बाजूला.

अभयचा बिंदू अक्काच्या तुरीत अडीच फूट आत निघाला, म्हणजे तेवढी जमीन पाटलाची होती आणि कसत होती अक्का. दोन माणसांनी खणलं. हातभर खाली पहार ठणकली, आणि जुना, घडीव, माथ्यावर छिन्नीची फुली असलेला दगड उघडा पडला. मी वाकून बघितला. यावेळी कुणी विचारण्याआधीच मी म्हणालो, हाच.

मग मी मागं जाऊन अक्कानं दाखवलेला दगडही बघून आलो. तो आमच्या आईचा पाटा होता. कोपरा तुटलेला, टाकी लावलेल्या खळग्यांसकट, उभा पुरलेला. त्याच्यावरची चटणी खाऊन मी चौथी पास झालो होतो.

सांडू पाटलानं फार काही केलं नाही. पंचनाम्यावर सही केली, फेटा नीट केला आणि अक्काला म्हणाला की तूर काढून घ्या निवांत, बांधाचं नंतर बघू, घाई नाय. मग आम्हाला चहाला बोलावून तो घराकडं गेला. माणसं पांगली. अभयनं जाताना पुन्हा नमस्कार केला, आणि त्या भानगडीत माझ्या कपाळावरची पट्टी अलगद काढून माझ्या हातात दिली.

अक्का उकरलेल्या खड्ड्याच्या काठावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. किती महिन्यांनी तिचा चेहरा मला नीट दिसत होता. गालाची हाडं वर आली होती, आणि कानातल्या बुगडीची एक बाजू दोऱ्यानं बांधलेली होती.

"अक्का," मी म्हणालो, "पाटा का पुरलास?"

ती मातीचं ढेकूळ हातात घेऊन फोडत राहिली. मग म्हणाली, "दीपमालानं दिवाळीत सांगितलं हुतं मला. तुला काय बी दिसंना म्हणून."

"मग?"

"मग काय मग. न दिसणारा भाऊ हाय, म्हणून तर बोलावला." तिनं हात झटकले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "लई तरास घेतला त्या पाट्यासाठी. आन् तू समद्यांम्होरं खरं सांगून बसला."